पिंपाच्या फळ्या कापणारी घरगुती मिल शंभर वर्षं कशी टिकते? आपल्याकडे असा धंदा का नाही?

आमची लाकडाची वखार आहे, त्यामुळे दारूतलं मला फार कळत नसलं तरी लाकडातलं कळतं. त्या बाजूने सांगतो.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातली इंडिपेंडंट स्टेव्ह कंपनी घ्या. १९१२ साली टी. डब्ल्यू. बॉसवेल यांनी फळ्यांच्या मिलपासून सुरुवात केली. आज घरातली चौथी पिढी कारभार बघते आणि व्हिस्की-वाइनची पिंपं बनवणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांत तिचं नाव घेतात.

मुहूर्त तसा वाईटच होता. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, ती उठली १९३३ मध्ये. पण त्यानंतर सरकारने जो नियम केला त्याने फळीवाल्यांचं नशीबच फळफळलं. बर्बन (मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की) म्हणून विकायची व्हिस्की नव्याकोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवली पाहिजे. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. म्हणजे दर भरतीला नवं पिंप! घराण्याचे कष्ट, सचोटी वगैरे असणारच, पण माझ्या मते खरा आधार या नियमाचा. आमच्याकडून सागवानी दार नेलेलं गिऱ्हाईक पुढच्या दोन पिढ्या फिरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते नुसत्या फळ्या विकत बसले नाहीत. १९५१ मध्ये मिझुरीतल्याच लेबनन गावात त्यांनी स्वतः पिंपं बांधायला घेतली. पुढे केंटकी राज्यात, जिथे बहुतेक बर्बन बनते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारातच, दुसरा कारखाना काढला. गंमत म्हणजे त्या गावाचं नावही लेबननच.

आता लाकूड. लागतो तो पांढरा ओक. लाल ओक दिसायला मजबूत, पण त्याच्या लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या मोकळ्या असतात. त्याचा छोटा तुकडा आडवा कापून एक टोक पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकातून फुंका, बुडबुडे येतात. पांढऱ्या ओकच्या गाभ्यात याच नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तो गळत नाही. त्यातही कापणी चुकली तर सगळं फुकट. आपण नेहमी चिरतो तसा ओंडका सरळ चिरायचा नाही. आधी त्याचे उभे चार भाग करायचे आणि मग मध्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, म्हणजे किरण, फळीच्या रुंदीत आडवे पडतील अशा बेताने कापायचं. बाहेरचं कोवळं लाकूड काढून टाकायचं. छाटण किती निघत असेल, या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. मग या फळ्या कित्येक महिने उघड्यावर, ऊन-पावसात रचून ठेवायच्या. तेवढा काळ भांडवल अंगणात पडून. रोजच्या रोज हिशेब मागणाऱ्या मालकाला हे झेपणं कठीण, घरच्या धंद्याला झेपतं.

साधारण २०० लिटरच्या पिंपाला तीसेक फळ्या लागतात आणि त्यांची रुंदी एकसारखी नसते. कारागीर रुंद-अरुंद फळ्या निवडून घेर जुळवतो. खिळा नाही, सरस नाही. बैलगाडीच्या चाकाला जशी धाव आवळून धरते, तसं सगळं लोखंडी पट्ट्यांवर.

आपल्याकडे हा धंदा का नाही, याचं उत्तर त्याच नियमात आहे. बर्बनवाल्यांना जुनी पिंपं काढावीच लागतात. ती स्कॉटलंडला जातात, तशी आपल्याकडेही येतात. गोव्यात बनणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट (मोड आणलेल्या जवापासून एकाच कारखान्यात बनलेली व्हिस्की) अशा वापरलेल्या बर्बनच्या पिंपांत मुरते. माल्टवाल्यांना जुनं पिंप चालतं, किंबहुना तेच हवं असतं, आणि ते अनेकदा भरता येतं. त्यात पांढरा ओक हे उत्तर अमेरिकेचं झाड. त्यामुळे इथे पिंपाच्या कारागिराचं मुख्य काम डागडुजीचं, म्हणजे गळकी फळी बदलायची, सैल पट्टा ठोकून बसवायचा. तेवढ्यावर फळ्यांची मिल कोण टाकणार?