ऑफिसमध्ये हलक्या फिट येतात, सांगावं का लपवावं?

तुम्ही विचारलंय की काम करता करता वीस-तीस सेकंद हरवल्यासारखं होतं, डॉक्टर फिटच आहे म्हणाले, तर साताऱ्यातल्या ऑफिसात सांगू का नको. मी सांगलीत कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपला आहे, मला हाच त्रास आहे. माझं मत, सांगा. सगळ्यांना नको, पण शेजारच्या एकाला तरी सांगाच.

मी दोन वर्षं लपवलं, कारण आई म्हणायची बाहेर कळलं तर लग्न जमणार नाही (लग्नाला फिट येत नसाव्यात ही हिंदू विवाह कायद्यातली अट १९९९ लाच काढलीय, पण घरोघरी भीती तीच). माझं कसं होतं, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं आणि मग मला काहीच कळत नाही, बघणारे सांगतात की मी एकटक बघतो, ओठ चावतो, शर्टाचं बटण चाचपत राहतो, हाकेला ओ देत नाही. सुपरवायझरला वाटायचं याचं कामात लक्ष नाही. एकदा व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) हातात धरून तसाच उभा राहिलो, भानावर आलो तर नाकाला कुणाचीतरी चप्पल आणि भोवती सात-आठ जण. लई लाज वाटली, पण चप्पल धरणाऱ्याचा तरी काय दोष, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनवाल्याला चहाला नेलं आणि सगळं सांगितलं. धरून ठेवू नको, तोंडात पाणी-चमचा घालू नको, कांदा-चप्पल नको, मशीनपासून बाजूला घे, घड्याळ बघ, शुद्ध आली की हळू बोल. खाली पडून झटके आले तर कुशीवर वळव, पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ लाव. आता मी थांबलो की तो आधी माझ्या हातातला चहाचा ग्लास काढून घेतो, मग घड्याळ बघतो.

नोकरी जाईल ही भीती खोटी नाही, म्हणून साहेबांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. मी मिरजेच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो, रातपाळी नको आणि लेथ मशीनऐवजी इन्स्पेक्शनला, म्हणजे माल तपासायला बसवा एवढंच मागितलं. झोप मोडली की मला हमखास येते, त्यामुळं रातपाळी सुटल्यावर बराच फरक पडला. गाडी मात्र सोडलीय, शेअर रिक्षाने जातो.

आणि गोळी चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून मनाने बंद तर अजिबात करू नका, एकदम सोडली की मोठी फिट येऊ शकते. मी एक पाकीट डब्याच्या पिशवीतच ठेवतो.