कोकोपीट धुतले, तरी पाने का करपली?

प्रश्न : कोकोपीटची (नारळाच्या सोडणांचा भुसा) ६५० ग्रॅमची वीट पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली. तरी त्यात लावलेल्या टोमॅटो-मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या आणि टोमॅटो बुडाकडून काळे पडले. चूक कुठे झाली? (ठाणे)

उत्तर : पाण्याच्या रंगावर विसंबलात, तिथे. तपकिरी रंग टॅनिनचा, म्हणजे सोडणातल्या तुरट द्रव्याचा असतो. मिठाला रंग नसतो. खाडीच्या पाण्यात मुरवलेल्या सोडणांच्या भुशात सोडियम बरेच असते आणि पोटॅशियम तर नारळाच्या सोडणात मुळातच भरपूर. त्यातले पाण्यात मोकळे असलेले क्षार धुऊन जातात, कणांना चिकटलेले मात्र साध्या पाण्याने सुटत नाहीत. पुढे खत दिले की हेच कण खतातले कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतात. कडा करपल्या त्या क्षारांनी, फळाचे बूड काळे पडले ते कॅल्शियम न पोचल्याने. (पाणी कधी खूप, कधी नाही, असे झाले तरी बूड काळे पडते, तेही तपासा.)

वीट साडेतीन लिटर कोमट पाण्यात अर्धा तास फुगू द्या. साधारण आठ लिटर भुसा होतो. जुन्या सुती कापडात घेऊन पिळा, पुन्हा भिजवा, असे तीन वेळा करा. शेवटच्या पिळलेल्या पाण्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण) बुडवा. आकडा नळाच्या पाण्यापेक्षा २००-२५० पीपीएमने जास्त असला तरी चालेल. ५००-६०० ने जास्त असेल तर आणखी धुवा. मग कणांनी कॅल्शियम आधीच धरावे म्हणून चार लिटर पाण्यात १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात भुसा रात्रभर ठेवा. सकाळी पिळून एकदा साध्या पाण्याने धुवा. ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि नंतर औषधे फवारत बसतात. अंड्याची टरफले भिजवलेले पाणी इथे उपयोगाचे नाही, कारण त्यातले कॅल्शियम पाण्यात जवळपास उतरतच नाही. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) द्यायचे तर लागवडीनंतर, वेगळ्या दिवशी, लिटरला एक ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेटच्या दाट द्रावणात ते मिसळले तर तळाशी जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचा साका) बसते.

प्रश्न : घरची सोडणे कुंडीत तशीच घालता येतील का? (मालवण)

उत्तर : ऑर्किडसाठी हो. इंचभराचे तुकडे करून गोड्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा, दर तीन दिवसांनी पाणी बदला. वर दगड ठेवा, नाहीतर ती तरंगतात. भाज्यांच्या कुंडीत ताजा भुसा नको. त्यात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडे. कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. आधी शेणाच्या पाण्यात भिजवून काही महिने ढिगात कुजवा. काथ्याचे लांब धागे कुंडीच्या तळाशी, भोकांवर अंथरायला ठेवून द्या.

प्रश्न : कोकोपीट वरून कोरडे दिसते म्हणून रोज पाणी दिले, पावसाळ्यात झाडे कुजली. (रत्नागिरी)

उत्तर : वरचा अर्धा इंच वाळतो, खाली चिखल असतो. बोट दोन इंच खोल घाला किंवा कुंडी उचलून वजन बघा. प्रमाणही बघा : उन्हाळ्यात एक तृतीयांश कोकोपीट ठीक, पण कोकणच्या पावसात उघड्यावरच्या कुंडीत पाचवा हिस्सा पुरे. बाकी माती, शेणखत आणि जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). बारीक रेती नको, ती पोकळ्या बुजवते. कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नाही, म्हणून शेणखत कमी करून कोकोपीट वाढवू नका. उलट उन्हात पार वाळलेल्या कुंडीत पाणी कडेने निघून जाते. ती वीस मिनिटे पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.