आधी घड्याळ, मग तबेला

प्रिय मित्रा,

स्पीड फिगर (घोडा किती वेगाने धावला, हे त्या दिवशीचा ट्रॅक लक्षात घेऊन सांगणारा आकडा; जितका मोठा तितका घोडा वेगवान) एका घोड्याकडे बोट दाखवते आणि फॉर्मातला ट्रेनर दुसऱ्याकडे, तर पैसे कुणावर लावायचे, असं विचारलंस. मी फिगरवर लावीन. पण म्हणून ट्रेनरला मोडीत काढू नकोस. तू त्याचा फॉर्म मोजतोस, तिथेच घोळ आहे.

‘पंधरवड्यात पाच घोडे पळवले, दोन जिंकले, म्हणजे ४० टक्के!’ जरा हिशेब कर. ज्याचे एरवी शंभरात दहाच जिंकतात, त्या ट्रेनरलाही पाचात दोन किंवा जास्त विजय निव्वळ नशिबाने मिळण्याची शक्यता ८ टक्क्यांच्या आसपास असते. असे ४० ट्रेनर धर. सरासरी तिघे दर पंधरवड्याला ‘तापलेले’ दिसणारच. तबेल्यात मात्र काडीचाही बदल नसतो. शिवाय ही टक्केवारी सगळ्यांनीच वाचलेली, त्यामुळे भाव (जिंकल्यावर रुपयामागे मिळणारा परतावा) आधीच खाली आलेला.

विजय मोजू नकोस. पाचही घोड्यांच्या फिगर काढ आणि ज्याची त्याच्या नेहमीच्या फिगरशी ताडून बघ. एक चौथा आला, पण ७० ऐवजी ७६ धावला. दुसरा जेमतेम मानेएवढ्या अंतराने हरला, तोही नेहमीपेक्षा वरच. पाचातले चार असे वर सरकले असतील, तर तबेल्यात खरंच काहीतरी जुळून आलंय. उलट जिंकलेले दोघे आपल्या नेहमीच्याच आकड्याला धावले असतील, तर ट्रेनरला रेस सोप्या मिळाल्या, एवढंच. (सोप्या रेस हुडकणं हीसुद्धा कला आहे म्हणा.)

फिगरही डोळे मिटून घ्यायची नसते. १२०० मीटरच्या रेसमध्ये घोडा सेकंदाला साधारण सात लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) कापतो. त्या दिवशीचा ट्रॅक किती वेगवान होता, हा अंदाज अर्ध्या सेकंदाने हुकला की साडेतीन लेंग्थ फुकटात आल्या किंवा गेल्या. एखाद्या घोड्याच्या फिगर ७४, ७५ आणि मग एकदम ८८? बघ, बहुधा तो पुढे एकटाच सुटला असेल, कुणी त्याला डिवचलंच नसेल. आज आणखी दोन फ्रंटरनर (सुरुवातीपासून पुढे पळणारे घोडे) असतील तर मी त्याला ७५ चाच धरतो. छापील फिगरचं आणखी एक दुखणं: ती सगळ्यांकडे असते. अमेरिकेत अँड्र्यू बेयर यांच्या फिगर १९९२ पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’ या रेसच्या वृत्तपत्रात येतात, त्या भावात कधीच मुरल्या. तुझा फायदा असलाच तर आकडा कसा घडला, हे रेस बघून दुरुस्त करण्यात आहे.

जिथे फिगर मुकी असते, तिथे मात्र ट्रेनरचंच ऐक: पहिल्यांदा पळणारा, सहा महिन्यांनी परतणारा, १२०० वरून एकदम २००० ला टाकलेला. तेव्हा पंधरवड्याचे निकाल नकोत, त्याची वर्षानुवर्षांची सवय बघ. कुणी परतणाऱ्या घोड्याला पहिल्याच रेसला पूर्ण तयार करून आणतो, कुणी ती रेस अंग मोकळं करायला वापरतो.

फिगरमधला फरक एक-दोन गुणांचाच असेल तर तो फरकच समजू नकोस. ज्याचा भाव मोठा तो घे, नाहीतर रेस सोड. टोट (सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी व्यवस्था) आपला वाटा आधी कापतो, तेव्हा नुसता योग्य घोडा ओळखून भागत नाही.

सध्या कागदावरच खेळ. ट्रेनरच्या रकान्यात विजयांऐवजी ‘नेहमीपेक्षा किती वर, किती खाली’ लिहीत जा. एक वही भरली की मला पाठव.

तुझा,
काका