वाचक विचारतात: खरा ग्रीन लँटर्न कोण?

प्रश्न: मी लहानपणी कार्टून नेटवर्कवर जस्टिस लीग बघायचे, त्यातला शक्तीची अंगठी घालणारा कृष्णवर्णीय सुपरहिरो जॉन स्टुअर्ट म्हणजेच माझा ग्रीन लँटर्न. नवरा कॉमिक्सवाला, तो म्हणतो खरा फक्त हॅल जॉर्डन, बाकी सगळे बदली कामगार. परवा यावरून घरात चक्क अबोला. कोण बरोबर? (पुणे)

उत्तर: ताई, नवऱ्याला एवढंच विचारा की पहिला तो खरा असं असेल तर ॲलन स्कॉटचं काय करायचं? तो १९४०चा, हॅल आला १९५९ला, म्हणजे हॅल स्वतःच बदली कामगार झाला की! तुमचा जॉन १९७१च्या शेवटी आला, पण २००१ला ती कार्टून मालिका सुरू झाली आणि एका अख्ख्या पिढीला तोच पहिल्यांदा भेटला. त्यामुळे २०११ला सिनेमात गोरा हॅल दिसल्यावर 'अरे हा कोण?' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हता.

पण नवऱ्याची बाजूपण सांगतो, कारण हॅलवाल्यांचं दुखणं खरं आहे. १९९४ला फक्त तीन अंकांत त्यांच्या हिरोचं वाटोळं केलं, त्याचं शहर उद्ध्वस्त झालं म्हणून दुःखाने डोकं फिरलं आणि त्याने आपल्याच साथीदारांना संपवलं, व्हिलन झाला, आणि अंगठी गेली काइल रेनर नावाच्या पोरसवदा चित्रकाराकडे. मला विचाराल तर बदलीचा राग नव्हताच हो. फ्लॅश या वेगवान सुपरहिरोचं बघा, १९८५ला बॅरी ॲलन जग वाचवताना गेला, जागा घेतली वॉलीने, जो आधीपासून किड फ्लॅश म्हणजे त्याचा छोटा साथीदार, घरातलाच पोरगा होता, म्हणून तो पचला. हॅलला मात्र बदनाम करून घालवला. मग फॅन्सनी हीट नावाची संघटनाच काढली, हॅल परत आणा म्हणून. २००४ला तो आला आणि लगेच काइलवाले रुसले, दहा वर्षं तोच तर त्यांचा लँटर्न होता!

तर अबोला सोडा. गोष्टीतच विश्वाचे ३६०० सेक्टर म्हणजे विभाग आहेत, प्रत्येकाला लँटर्न लागतो, नवऱ्यालाही एखादा मिळेल.

प्रश्न: फॅन्स एवढे भांडतात, कंपन्या ऐकतात का कधी? (नाशिक)

उत्तर: एकदा ऐकलं आणि पस्तावले असतील! बॅटमॅनचा साथीदार, पहिला रॉबिन डिक ग्रेसन मोठा होऊन नाइटविंग नावाचा स्वतंत्र हिरो झाला, त्याच्या जागी जेसन टॉड आणला, पण डिकची सवय झालेल्या बऱ्याच वाचकांना हा तापट पोरगा झेपेना. १९८८ला डीसीने, म्हणजे या सगळ्या हिरोंच्या कॉमिक्स कंपनीने, फोन नंबरच दिले, जेसन जगावा की मरावा ते सांगा. मरावा ५३४३, जगावा ५२७१. ७२ फोनांनी पोरगं गेलं! आणि गंमत म्हणजे २००५ला तोच जेसन रेड हूड होऊन परतला आणि आता त्याचे कट्टर फॅन आहेत, त्याला एक शब्द बोलून दाखवा.

प्रश्न: बाबांकडे इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा आहे. वेताळाचे काही अंक ते हातात धरून बसतात, काही बघतसुद्धा नाहीत. वेताळ तर एकच ना? (कोल्हापूर)

उत्तर: वेताळ तोच, बापानंतर मुलगा अशा पिढ्यांतला एकविसावा, पण चित्रकाराचा हात वेगळा! ली फॉकने १९३६ला गोष्ट सुरू केली तरी चित्रकार बदलत गेले, आणि बहुतेकांचा जीव साय बॅरीच्या वेताळावर, त्याने १९६१पासून १९९४पर्यंत काढला. त्याआधीच्या विल्सन मॅकॉयची चित्रं साधी, जरा ठोकळेबाज, पण त्याचेही हट्टी भक्त आहेत. बाबा कोणाचे ते गठ्ठ्यातले सगळ्यात चुरगळलेले अंक काढून बघा, लगेच कळेल. आणि रद्दीत द्यायचा विचार असेल तर आधी आम्हाला कळवा.