एफडीला हप्ता नसतो, ताई

इंदिरानगरहून एका ताईंचं पत्र आहे: "माझा बोका सोन्या पाच वर्षांचा. दीड वर्षात तीनदा त्याची लघवी अडकली. दर वेळी कॅथेटर, सलाईन, दोन-तीन दिवस दवाखाना, 15 हजारांचं बिल. आता डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतात, 40 हजार. बँकेतली एफडी मोडू की मांजराचा विमा काढू? एफडीचा तिसरा हप्ता, 1 लाख, पुढच्या महिन्यात आहे. तो जमवायचा म्हणून डॉक्टरांनी दिलेलं खास खाणं, महिना 2,500 रुपयांचं, सध्या बंद केलंय."

विम्याचं आधी उरकतो. आधीपासून असलेला आजार अशा विम्यात धरत नाहीत. सोन्याच्या फाइलीत तीन नोंदी आहेत; ज्यासाठी विमा हवा, नेमकं तेच वगळलं जाईल. काढू नका.

आता तो हप्ता. ताई, एफडीला हप्ता नसतो. तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या फोटोत 'विमा रक्कम 10 लाख' आणि 'हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षे' असं स्वच्छ छापलंय. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. बँकेतल्या माणसाने ती 'एफडीसारखीच, दुपटीहून जास्त' म्हणून तुमच्या गळ्यात मारली. या प्रकाराची मला मनापासून चीड आहे, कारण बँकेत बसलेला माणूस खोटं सांगणार नाही या विश्वासावरच तो चालतो.

दुप्पट म्हणजे किती ते पाहू. 10 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 22 लाख घ्यायचे. हा परतावा वर्षाला जेमतेम 5 टक्के पडतो. तेच पैसे पीपीएफ या सरकारी बचत योजनेत, आजचा 7.1 टक्के दर टिकला तर, त्याच मुदतीत 29 लाखांपुढे जातात.

"पण दोन लाख भरून झालेत." झालेत. दोन हप्त्यांनंतर पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर नियमाने किमान 30 टक्के, म्हणजे 60 हजार, परत मिळायला हवेत. 1 लाख 40 हजार गेले, हे कडू आहे. तरी पुढचं गणित बघा: उरलेले आठ हप्ते पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये टाकले, तर त्या आठ लाखांचेच विसाव्या वर्षापर्यंत 22 लाखांच्या जवळपास होतात. पॉलिसी देणार तेवढेच. वर 60 हजार आज हातात.

सरेंडर आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवणं), दोन्हीचे आकडे कंपनीकडून लेखी मागवा, मगच सही करा. घरात तुमच्या पगारावर कोणी अवलंबून असेल तर आधी साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. फसवून विकल्याची तक्रार कंपनीकडे लेखी द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा, तिथे फी लागत नाही.

आणि सोन्याचं खाणं आजच सुरू करा. दीड वर्षाचे 45 हजार होतात. त्याच दीड वर्षात तीन वेळच्या दवाखान्याला तेवढेच गेले. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारा की खडे आहेत का, आणि कसले? स्ट्रुव्हाइटचे खडे खास खाण्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. खडेच नसतील तर तरुण मांजरात बहुतेकदा ताणामुळे मूत्राशयाला सूज येते. तिथे ओलं खाणं, भरपूर पाणी आणि शांत घर कामी येतं. शस्त्रक्रियेने मार्ग रुंद होतो, पुन्हा अडकण्याचा धोका बराच कमी होतो, पण मूळची सूज जात नाही. म्हणजे 40 हजार खर्चूनही खाण्याचे 2,500 सुटणार नाहीत. हे सगळं पाहूनही डॉक्टर करा म्हणाले, तर सरेंडरचे पैसे त्यासाठीच आहेत.

पुढच्या महिन्याचा हप्ता थांबला की त्यासाठी जमवलेल्यातले 25 हजार बचत खात्यात वेगळे ठेवा, एटीएमने रात्रीही काढता येतील असे. बोका ट्रेवर पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंबही येत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नसते. रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.