वरच्या पट्टीत आवाज फाटतो. नवशिक्याने कोणते व्यायाम करावेत आणि रेंज किती दिवसांत वाढते?

आवाज फाटतो ती जागा सगळ्यांच्याच गळ्यात असते. पुरुषाने काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरला तर ती साधारण तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या रे-ग-मच्या आसपास येते, बाईने काळी चार धरली तर मध्य सप्तकातल्या ध-नीपाशीच. खालच्या स्वरांत स्वरतंतू जाड राहून पूर्ण मिटतात, वर ते ताणून पातळ होतात आणि कडाच थरथरतात. जाड तंतू तसेच रेटत वर नेले की एका स्वरावर पकड सुटते आणि गळा चिरकतो.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘खोटा आवाज काढू नकोस, छातीतून जोर लाव’. या एका वाक्याने बसवलेले गळे मोजायला बसलो तर उत्तर संपायचं नाही. ज्याला खोटा म्हणून हिणवतात तो हलका आवाज तुमच्याच तंतूंचा आहे. तो आधी मोकळा करायचा आणि मग खालच्याशी जोडायचा.

जोडायचा तो वरून खाली उतरत. ‘ऊ’ धरा, तार सप्तकात सहज लागेल तिथे हलका, अगदी पुचाट वाटला तरी चालेल असा स्वर लावा आणि घसरत मध्य सा पर्यंत या. वाटेत खटका बसला, म्हणजे आवाज फाटला किंवा तुटला, की तिथे आवाज आणखी लहान करायचा. नवशिके नेमकं उलटं करतात, खटका आला की जोर वाढवतात. बोट कंठमण्यावर ठेवा. वर जाताना तो गिळताना उचलतो तसा हनुवटीकडे चढला तर थांबून दोन स्वर खाली या. ‘ऊ’ गुळगुळीत झाला की मग ‘ओ’, शेवटी ‘आ’. खटक्याच्या जागी ‘आ’ तोंड फाकवून लावू नका, किंचित ‘ऑ’कडे झुकवा.

त्याआधी ५ मिनिटं स्ट्रॉ. पेल्यातल्या पाण्यात २-३ सेंटिमीटर बुडवून त्यातून ‘ऊ’ म्हणत स्वर वर-खाली न्यायचा. ओठ आणि स्ट्रॉभोवती फट नको, नाकातूनही हवा सुटायला नको. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. वरच्या स्वरांवर ते तुटत असतील तर तुम्ही श्वास अडवताय. पाणी नसेल तर ओठ फुर्रर्र करत तेच करा.

दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं पुरे. सलग तासभर ताणाल तर शेवटचा बराच वेळ थकलेल्या गळ्याला चुकीची सवय लावण्यात जातो.

रेंजचे दिवस मोजू नका. आधी खटका गुळगुळीत होतो, वरचे स्वर त्यानंतर येतात.

हे सगळं धडधाकट गळ्यासाठी आहे. सर्दी, खोकला असेल तर सुट्टी घ्या. दुखलं तर त्या दिवशी बंद. घोगरेपणा तीन आठवड्यांवर राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू बघून घ्या.

आणि हो, खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर) जरूर लावा, खालचा आवाज त्याने भरदार होतो. पण नुसता तासभर खर्ज लावून तार सा मोकळा होईल ही आशा सोडा. तंतू ताणणारा स्नायू वेगळा आहे, आणि खर्जात त्याला फारसं काम पडत नाही.