दहा हजारांत पक्षी बघायला दुर्बीण घेऊ की थेट स्पॉटिंग स्कोप?

घर ऐरोलीला, बजेट दहा हजार, बघायचेत खाडीतले फ्लेमिंगो आणि जमलं तर ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातले पक्षी, असं तुम्ही लिहिलंय. स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एका नळीची, जास्त पटीची दुर्बीण. तुम्ही आधी साधी दोन डोळ्यांची दुर्बीणच घ्या, आणि तीही ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं.

मी आकड्याला भुललो होतो. खोक्यावर 'झूम' आणि शंभराच्या वरचा आकडा बघून पहिली दुर्बीण घेतली. येऊरला डोक्यावर हळद्याची शीळ चालू आणि मला दिसतंय काय, तर थरथरणारं एक पान! शेजारी उभ्या काकांनी आपली जुनी आठपटीची माझ्या हातात दिली, आणि पिवळाधमक हळद्या लगेच सापडला. पट वाढली की हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि समोरचा भाग आक्रसतो.

उजेडाचं गणित सोपं आहे. पुढच्या भिंगाचे ४२ मिमी भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिमीचा प्रकाशाचा ठिपका डोळ्याशी येतो. १०×४२ मध्ये तो ४.२ मिमीच उरतो. पहाटे झाडीत हा फरक कळतो.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा आणि डोळ्याकडच्या भिंगातला तो ठिपका बघा. स्वच्छ गोल हवा. कडा छाटल्यासारख्या, करड्या दिसल्या तर आत बीके-७ नावाच्या स्वस्तातल्या काचेचं प्रिझम (प्रकाश वळवणारा लोलक) असणार. आपल्याला बीएके-४ काचेचं हवं. मग रस्त्यापलीकडची एखादी पाटी दोन मिनिटं वाचत बसा. डोळे ओढल्यासारखे झाले किंवा एकाच्या दोन पाट्या दिसल्या तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. दुकानदार 'सवय होईल' म्हणेल. होत नाही.

निकॉन अ‍ॅक्युलॉन ८×४२ आणि ऑलिंपस ८×४० डीपीएस या दोन्ही पैसे वसूल. मात्र दोन्ही वॉटरप्रूफ नाहीत, आणि चष्मा न काढता बघितलं तर कडेचं चित्र कापलं जातं. चष्मेवाल्यांनी आय रिलीफ, म्हणजे भिंगापासून डोळा जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिमीच्या वर आहे का ते बघूनच घ्यावं. आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून जून लागला की माझी दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात जाते. (बायको त्याला पापडाचा डबा म्हणते. होताही पापडाचाच.)

स्कोपची खरी मजा नेरूळला 'टी. एस. चाणक्य' या नाविक प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की तुताऱ्या, शेकाटे असे चिखलात चरणारे पक्षी तिथे विसाव्याला येतात आणि बराच वेळ जागचे हलत नाहीत. पण स्वस्तातला २०-६०×६० स्कोप ६० पटीवर नेला की ठिपका १ मिमीचा, चित्र काळपट. तो २०-३० पटीवरच वापरायचा, आणि नऊ-दहानंतर चिखलावरची हवा लहरायला लागली की मिटवून ठेवायचा. वर दणकट ट्रायपॉडचा खर्च वेगळा. हलका घेतलात तर खाडीच्या वाऱ्यात सगळं डुलतं.

तुमच्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, तिच्यात तर स्कोप निरुपयोगीच. हलत्या बोटीत दहापटीची दुर्बीणसुद्धा जड जाते. चष्म्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. असेल तर कळवा, त्यावर मॉडेल बदलेल.